टिप द्यायलाच हवी का? एका साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न करताना



पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने परवा मला तिचा विषय पाठवला: 'हॉटेलमधील ग्राहकांनी वेटरला टिप दिली पाहिजे का? एक अभ्यास.' खाली एवढंच लिहिलं होतं, "विषय चालेल ना?"

विषय छान आहे. पण याच शब्दांत तो आरआरसीसमोर ठेवला तर पाच मिनिटांत परत येईल. समितीतलं कोणीतरी शांतपणे विचारेल, "दिली पाहिजे की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार? तीनशे लोकांकडून फॉर्म भरून घेऊन?" मग खाली बघत बसायची वेळ येते. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा विषय वेगळा होता, पण चूक हीच होती, म्हणून खात्रीने सांगतोय.

तर आज हाच प्रश्न घेऊ आणि त्याचा संशोधन-प्रश्न कसा होतो ते पायरीपायरीने बघू. जाता जाता मूळ प्रश्नाचं उत्तरही शोधू. ते टाळायचं नाही, कारण त्यामागे कोणाचा तरी पगार आहे.

देतात, द्यावी लागते, द्यायला हवी

ही तीन वाक्यं बघा.

लोक टिप देतात.
टिप द्यावी लागते.
टिप द्यायला हवी.

पहिलं वाक्य वर्तनाबद्दल आहे. किती जण देतात, किती देतात, रोख देतात की यूपीआयने, हे सगळं मोजता येतं. दुसरं वाक्य दडपणाबद्दल आहे. नाही दिली तर वेटर काय म्हणेल, सोबतचे मित्र काय म्हणतील, याला आपण सामाजिक नियम म्हणतो. हेही मोजता येतं, पण त्यासाठी माणसांना विचारावं लागतं. तिसरं वाक्य कर्तव्याबद्दल आहे. ते फूटपट्टी लावून मोजता येत नाही. त्यासाठी युक्तिवाद करावा लागतो.

गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात. २०२३ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या जवळपास १२ हजार प्रौढांना विचारलं की टिप देणं तुम्हाला बंधन वाटतं की स्वेच्छेची गोष्ट? २९ टक्के म्हणाले बंधन, २१ टक्के म्हणाले स्वेच्छा, आणि ४९ टक्के म्हणाले की ते प्रसंगावर अवलंबून आहे. सर्वेक्षण उत्तम आहे, नमुना मोठा आहे. त्यातून अमेरिकन लोकांना काय वाटतं ते कळतं. टिप देणं हे खरोखर कर्तव्य आहे का, ते मात्र त्यातून कळत नाही. उद्या ९० टक्के लोक 'बंधन' म्हणाले तरी कळणार नाही. आपल्याकडे हुंडा 'द्यावाच लागतो' असं पिढ्यान्पिढ्या असंख्य घरांत मानलं गेलं. म्हणून हुंडा 'द्यायला हवा' असं ठरलं का?

ही फट डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर' या ग्रंथात दाखवली होती. लेखक 'आहे' म्हणता म्हणता कधी 'असायला हवं' म्हणू लागतात ते कळतच नाही, असं त्याचं निरीक्षण होतं. पेपर एकच्या तयारीत हा मुद्दा एका ओळीत येऊन जातो. सिनॉप्सिस लिहिताना तो रोज आडवा येतो.

मग 'द्यायला हवी' यावर संशोधन करायचंच नाही का? करायचं. फक्त आधी ते वाक्य उकलायचं. प्रत्येक 'हवी'च्या पोटात काही 'आहे' लपलेले असतात. ते बाहेर काढून तपासता येतात.

आधी शब्द पक्के करा

उकलण्याआधी एक पायरी आहे. टिप म्हणजे नक्की काय? हसू नका. व्याख्या सैल असली की पुढची सगळी प्रश्नावली सैल होते.

बिलासोबत आलेल्या बडीशेपेच्या वाटीत आपण ठेवतो ती नोट म्हणजे टिप. सेवा झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने, थेट काम करणाऱ्याला दिलेली. दिवाळीत पोस्टमनला, कचरा नेणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या वॉचमनला देतो ती पोस्त. ती वर्षातून एकदा, ओळखीच्या माणसाला, जवळपास ठरलेल्या रकमेची असते. तिला टिप म्हणायचं का? दाखला लवकर मिळावा म्हणून 'चहापाण्याला' दिलेले पैसे कामाआधी दिले जातात आणि ती सरळ लाच असते. बिलात छापून येणारा सर्व्हिस चार्ज मालकाच्या गल्ल्यात जमा होतो. तो सरकारी कर नाही, पण जीएसटीच्या शेजारी बसल्यामुळे बऱ्याच जणांना तो कर वाटतो.

आता एक मधलं उदाहरण घ्या. गाडी लवकर मिळावी म्हणून ॲपवर प्रवासाआधीच 'ॲडव्हान्स टिप' मागितली जात होती. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून उबरला नोटीस पाठवली. सेवा मिळण्याआधी मागितलेली रक्कम टिप कशी म्हणायची, हा आक्षेप होता. म्हणजे जी व्याख्या आपल्याला पुस्तकी वाटते, तिच्यावर प्रत्यक्षात नोटिसा निघतात.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये चार निकष लिहून टाका: पैसे कधी दिले, कोणाच्या मर्जीने दिले, कोणाच्या हातात दिले आणि रक्कम कोणी ठरवली. या चार प्रश्नांनी वरचे सगळे प्रकार वेगळे होतात. यालाच संकल्पनेची कार्यात्मक व्याख्या म्हणतात.

'हवी'च्या पोटातले तीन दावे

टिप द्यायला हवी असं म्हणणाऱ्या माणसाला 'का?' विचारा. साधारण तीन उत्तरं मिळतील.

एक, टिपमुळे सेवा चांगली राहते.
दोन, ज्याची मेहनत जास्त त्याला जास्त मिळतं, म्हणून ती न्याय्य आहे.
तीन, त्या माणसाचा पगारच एवढा कमी आहे की टिपवर घर चालतं.

हे तिन्ही दावे 'आहे'च्या जातीचे आहेत, म्हणजे तपासता येतील असे. आणि यावर सगळ्यात जास्त काम झालं आहे ते अमेरिकेत. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

पहिला दावा. कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकल लिन यांनी टिप या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. २००० साली त्यांनी आणि मायकल मॅक्कॉल यांनी तोवर झालेल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, म्हणजे मेटा-ॲनालिसिस. ग्राहकाने सेवेला दिलेले गुण आणि त्याने दिलेली टिप यांच्यातला सहसंबंध निघाला साधारण ०.११. आता हा आकडा वाचायचा कसा? त्याचा वर्ग करा: ०.०१२१. म्हणजे लोकांच्या टिपमध्ये जो कमी-अधिक फरक दिसतो, त्यातला जेमतेम सव्वा टक्का सेवेच्या दर्जाशी जुळतो. बाकी सगळं दुसऱ्याच कशाकशाशी.

सहसंबंध शून्य नाही हे खरं. पण जो दुवा इतका बारीक आहे, त्याच्या जोरावर वेटर उद्या जास्त धावपळ करेल, असं म्हणणं अवघड आहे. त्याला तो दुवा जाणवणारही नाही. इथे एक सावधगिरी बाळगा. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नाही. मूड चांगला असलेला ग्राहक सेवेला जास्त गुण देईल आणि टिपही जास्त देईल. तेव्हा खरा दुवा याहूनही बारीक असू शकतो. उलट, सगळीकडची सेवा साधारण एकसारखीच असेल तर फरकच कमी असल्यामुळे सहसंबंध मुळात लहान दिसतो. तेव्हा तो याहून मोठाही असू शकतो. व्हायव्हामध्ये या दोन्ही बाजू विचारतात.

न्याय्य म्हणजे कोणासाठी?

दुसरा दावा मेहनतीप्रमाणे मिळण्याचा. इथे तीन अभ्यास शेजारी शेजारी ठेवतो, कारण तिघांच्या पद्धती वेगळ्या आहेत.

पहिला अभ्यास ब्रूस रिंड आणि प्रशांत बोर्डिया यांचा, १९९६ चा. एका रेस्टॉरंटमध्ये एक वेटर आणि एक वेट्रेस यांनी काही बिलांच्या मागे हसरा चेहरा काढायचा आणि काहींवर काढायचा नाही. कोणत्या बिलावर काढायचा हे त्यांनी मर्जीने ठरवायचं नाही, ते यादृच्छिक पद्धतीने ठरणार. याचा फायदा काय? खुशमिजाज दिसणाऱ्या गिऱ्हाइकालाच चेहरा काढून दिला, असं होत नाही. दोन्ही गट सरासरीने सारखे राहतात आणि जो फरक उरतो तो त्या चित्राचा. वेट्रेसची टिप बिलाच्या साधारण २८ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेली. वेटरची वाढली नाही. चित्र तेच, जेवण तेच. फरक काढणाऱ्याचा. अर्थात इथे वेटर एकच आणि वेट्रेस एकच होती, म्हणून 'सगळ्या बायका, सगळे पुरुष' अशी उडी मारायची नाही.

दुसरा अभ्यास न्यू हेवन शहरातल्या टॅक्सींचा. इयान एअर्स, फ्रेड्रिक वार्स आणि नासर झकारिया यांनी हजाराहून अधिक फेऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. कृष्णवर्णीय चालकांना गोऱ्या चालकांच्या तुलनेत सरासरी सुमारे एक तृतीयांश कमी टिप मिळत होती. ज्याला आपण मेहनतीचं बक्षीस म्हणतो, त्यात ग्राहकाचा पूर्वग्रह मिसळलेला असतो. मालकाने असा फरक करून पगार दिला तर त्याला कोर्टात खेचता येतं. हजारो ग्राहकांनी प्रत्येकी थोडे पैसे कमी दिले तर कोणाला खेचणार?

तिसरा अभ्यास करीम हग्गाग आणि जोव्हानी पाची यांचा, २०१४ चा. न्यूयॉर्कच्या टॅक्सींमध्ये कार्डाने पैसे देताना स्क्रीनवर टिपचे पर्याय येतात. एका कंपनीच्या यंत्रात भाडं १५ डॉलरच्या खाली असलं की २, ३, ४ डॉलर असे पर्याय दिसत आणि १५ च्या वर गेलं की २०, २५, ३० टक्के. आता बघा, १४ डॉलर ९० सेंटवाला प्रवासी आणि १५ डॉलर १० सेंटवाला प्रवासी यांच्यात खरं तर काय फरक असणार? एखाद्या सिग्नलचा. पण एकाला सर्वात कमी पर्याय दिसतो २ डॉलरचा आणि दुसऱ्याला ३ डॉलरचा. रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या लोकांची तुलना करण्याच्या या पद्धतीला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. १ कोटी ३० लाखांहून अधिक फेऱ्यांच्या माहितीत दिसलं की आकडे मोठे दाखवले की टिप वाढते. पण त्याचबरोबर काहीच न देणाऱ्यांचं प्रमाणही वाढतं.

म्हणजे टिप किती मिळणार हे कशावर ठरतं? देणारा कोण, घेणाऱ्याचं लिंग आणि रंग कोणता, स्क्रीन कोणी बनवली. मेहनतीचा वाटा त्यात असतो, पण लहान. दुसरा दावा बराच लंगडा पडतो.

तिसरा दावा: पगार

हा दावा सगळ्यात जड आहे. आणि इथे आकड्यांबरोबर कायदा वाचावा लागतो.

अमेरिकेत १९३८ साली फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट आला आणि देशभर किमान वेतन लागू झालं. पण हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या बहुतेक कामगारांना त्यात जागा नव्हती. ती मिळाली १९६६ च्या दुरुस्तीत, आणि तीही एका अटीवर. किमान वेतनाचा अर्धा भाग मालकाने टिपमधून मिळतो असं धरावं, त्याला 'टिप क्रेडिट' म्हणतात. १९९१ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलर होतं, म्हणून मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची रक्कम २.१३ डॉलर झाली. १९९६ मध्ये हा आकडा अर्ध्याच्या नियमातून सोडवून तिथेच गोठवला. पुढे २००९ पासून किमान वेतन ७.२५ डॉलर झालं, पण २.१३ हलले नाहीत.

वजाबाकी करा. ७.२५ मधून २.१३ गेले, उरले ५.१२. किमान वेतनातला ७० टक्क्यांहून जास्त भाग ग्राहकाच्या मर्जीवर टांगलेला. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरून द्यायचा असं कायदा म्हणतो. पण तो फरक मागायचा कोणाकडे? ज्याच्या हातात उद्याची शिफ्ट आहे त्याच्याकडेच.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा सात राज्यांत टिप क्रेडिट नाही. तिथे पूर्ण किमान वेतन मालक देतो आणि टिप वरची. म्हणजे एकाच देशात 'टिप द्यायला हवी' या वाक्याचं वजन राज्याची सीमा ओलांडली की बदलतं. तुमच्यापैकी कोणी एमएससाठी किंवा पीएचडीसाठी तिकडे जाणार असाल तर पहिल्याच जेवणाला बिलासोबत १८, २०, २५ टक्के असे पर्याय समोर येतील आणि मनात रुपयांचा गुणाकार सुरू होईल. तेव्हा हे आठवा: बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये मेन्यूवरच्या किमतीत वाढणाऱ्याची पूर्ण मजुरी बहुधा धरलेली नसते.

ही व्यवस्था आभाळातून पडलेली नाही. गुलामगिरी संपल्यानंतर पुलमन कंपनीने आपल्या रेल्वेच्या शयनयानांमध्ये मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना पोर्टर म्हणून नेमलं, पगार तुटपुंजा ठेवला आणि बाकीचं प्रवाशांच्या टिपवर सोडलं. त्या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार करून घेतला. दुसरीकडे, वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदी घातली होती आणि आणखी पाच राज्यांनी त्याचं अनुकरण केलं. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे मागे घेतले गेले. नुसती टिप बंद करून भागत नाही, कारण पगाराचा प्रश्न तिथेच राहतो.

आपल्याकडे काय?

आता परत येऊ. अमेरिकेतला निष्कर्ष उचलून पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या हॉटेलला चिकटवायचा, ही सिनॉप्सिसमधली दुसरी मोठी चूक. आपली चौकट वेगळी आहे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली हॉटेल आणि उपाहारगृहातल्या कामासाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवत आलं. तो कायदा आणि त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता, दोन्हींत अमेरिकेसारखं टिप क्रेडिट नाही. वेटरला दिवसभरात किती टिप मिळाली याचा मालकाच्या देण्याशी संबंध नाही. कागदावर तरी.

सर्व्हिस चार्जचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. ४ जुलै २०२२ रोजी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, आणि ग्राहकावर सक्ती करू नये. रेस्टॉरंटमालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या. पुढे त्यावर अपीलही झालं. ग्राहकाने आपणहून टिप द्यायला या निकालात आडकाठी नाही. आडकाठी सक्तीला आहे.

मालकांची एक बाजू नीट ऐकण्यासारखी आहे. त्यांचं म्हणणं, सर्व्हिस चार्ज सगळ्या कामगारांत वाटला जातो, आत भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळतो. हातात दिलेली टिप फक्त वाढणाऱ्याला मिळते. मुद्दा खरा आहे. भट्टीसमोर उभा असलेला वस्ताद आणि मोरीवरचा पोऱ्या ग्राहकाला दिसतच नाहीत. पण सर्व्हिस चार्ज खरोखर वाटला जातो का आणि किती, हे बिलावरून कळत नाही.

आणखी एक निकाल माहीत असू द्या. २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ग्राहकाने कार्डाने दिलेली टिप हॉटेलने गोळा करून कर्मचाऱ्यांना वाटली, तरी ती मालकाने दिलेला पगार ठरत नाही, म्हणून पगारासारखा टीडीएस त्यावर कापायचा नाही. प्रश्न आयकराचा होता. पण त्यामागचं तत्त्व आपल्या कामाचं आहे: टिप ग्राहकाकडून येते, पगार मालकाकडून.

मग द्यायला हवी का?

आता 'आहे'कडून 'हवी'कडे जायला एक पूल लागेल. तो मूल्याचा पूल असतो आणि तो उघडपणे लिहायचा असतो. माझा पूल असा: ज्याच्या कामाचा फायदा मी घेतो, त्याच्या त्या वेळेची पूर्ण मजुरी कोणीतरी दिलेली असली पाहिजे. आणि ती द्यायची जबाबदारी ज्याच्यावर टाकलेली आहे, त्याने ती झटकू नये.

हा पूल मान्य असेल तर उत्तर जागेप्रमाणे बदलतं. जिथे कायद्याने मजुरीचा मोठा भाग ग्राहकावर ढकलला आहे आणि मेन्यूची किंमत तेवढी कमी ठेवली आहे, तिथे टिप न देणं म्हणजे अर्ध्या किमतीत काम करून घेणं. ती पद्धत वाईट आहे म्हणून मी देत नाही, असं म्हणायचं तर त्या निषेधाचे पैसे मालकाच्या नाही, वेटरच्या खिशातून जातात. जिथे पूर्ण मजुरीची जबाबदारी मालकाची आहे, तिथे ग्राहकावर टिपचं कर्तव्य नाही. द्यावीशी वाटली तर हातात द्यावी, खुशीने. पण आपल्या वीस रुपयांनी त्याच्या पगाराचा प्रश्न सुटला असं समजू नये.

तुम्हाला हा पूल पटणार नाही कदाचित. हरकत नाही. तुमचा पूल लिहा. समिती पुलाचा रंग बघत नाही, तो लपवला आहे की दाखवला आहे एवढंच बघते.

आता सिनॉप्सिस

लक्षात आलं का, की तिसऱ्या दाव्याचा आपल्याकडचा खरा प्रश्न अजून मोकळाच आहे? कागदावर किमान वेतन आहे. हातात पडतं का? त्या मुलीला मी तीन प्रश्न लिहून पाठवले.

पहिला: निवडलेल्या शहरातल्या उपाहारगृहांत वेटरच्या महिन्याच्या एकूण मिळकतीत टिपचा वाटा किती आहे, आणि ठरलेला पगार किमान वेतनाच्या तुलनेत कुठे बसतो?
दुसरा: जिथे टिप जास्त मिळते अशा ठिकाणी मालक पगार कमी ठेवतात का?
तिसरा: क्यूआर कोडने पैसे द्यायला लागल्यापासून टिपच्या रकमेत आणि ती कोणाच्या हातात जाते यात वेटरांच्या अनुभवानुसार काय बदल झाला?

तिन्हींत 'पाहिजे' नाही. तिन्हींची उत्तरं 'पाहिजे'ला वजन देतील.

मोजण्याच्या अडचणी आधीच लिहून ठेवा. ग्राहकाला "तुम्ही टिप देता का?" असं विचारलंत तर तो स्वतःला उदार दाखवतो. उबरच्या अमेरिकेतल्या चार कोटींहून अधिक फेऱ्यांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जवळपास ६० टक्के प्रवाशांनी एकदाही टिप दिली नव्हती आणि दर वेळी देणारे फक्त एक टक्का होते. समोरासमोर विचारलं असतं तर किती जणांनी "कधीच नाही" म्हटलं असतं? म्हणून शक्य असेल तिथे शब्दांऐवजी नोंदी वापरा. वेटरला महिन्याची सरासरी विचारू नका, काल किती मिळाली ते विचारा. कालचं आठवतं.

आणि शेवटचं, जे फॉर्मवर 'नैतिक बाबी' या रकान्यात दोन ओळींत उरकलं जातं. वेटरची मुलाखत गल्ल्याजवळ घेऊ नका. मालकाच्या परवानगीने, मालकाच्या देखत विचारलेल्या "पगार किती?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळणार नाही. आणि चुकून मिळालंच, तर त्याची किंमत तुम्ही मोजणार नाही, तो मोजेल. बरेचसे वेटर गावाकडून किंवा परराज्यातून आलेले असतात आणि हॉटेलच्याच खोलीत राहतात. नोकरी गेली की त्याच रात्री छप्परही जातं. सुट्टीच्या वेळी, बाहेर, संमती घेऊन, नाव आणि हॉटेल दोन्ही न लिहिता बोला. पंधरा मुलाखती कमी झाल्या तरी चालतील.

प्रयोग म्हणून आज तुमचा स्वतःचा विषय कागदावर लिहा. त्यात 'पाहिजे', 'हवे', 'आवश्यकता' यातला शब्द आहे का बघा. असेल तर खाली लिहा: हे म्हणणारा माणूस कोणत्या तीन गोष्टी खऱ्या आहेत असं धरून चालला आहे? तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक त्या तीन ओळींत सापडेल.

त्या मुलीचा काल मेसेज आला. तिने दुसरा प्रश्न निवडलाय. म्हणाली, "ग्राहकांवर करायला निघाले होते, मालकांवर येऊन थांबले." मी म्हटलं, येऊ दे. बडीशेपेच्या वाटीतली नोट सगळ्यांना दिसते. पगाराचं रजिस्टर उघडून बघायला कोणीतरी हवं.